मधला माणूस

बोकड भाड्यानं मागणारं गिऱ्हाईक मला आयुष्यात एकदाच भेटलं, आणि ते निघाले आमच्या रस्त्यावरच्या प्रार्थनाघराचे पाळक.

पालमच्या आठवडी बाजारात मी लिंबाखाली जनावरं बांधून उभी होते. ऊन नुकतं तापायला लागलं होतं. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, हातात मिटलेली छत्री असा चाळिशीचा माणूस लेंड्या चुकवत चुकवत माझ्यापुढं येऊन उभा राहिला. बोकडाच्या पाठीवर हात दाबून मांस बघायचं सोडून त्यानं बोकडाला नमस्कार केल्यासारखी मान हलवली. मी ओळखलं, याला जनावरातलं काही कळत नाही.

"मावशी, दोन बोकड पाहिजेत. अगदी एकसारखे. रंग, उंची, वय, सगळं सारखं."

"नवसाला का?"

"नाही, मुलांना दाखवायला."

"बोकड कधी बघितलेच न्हाईत का तुमच्या पोरांनी?"

ते हसले. गुड फ्रायडेच्या आधी प्रार्थनाघरात मुलांसाठी एक देखावा करायचा होता. यहुदी लोकांचा प्रायश्चित्ताचा दिवस फार जुन्या काळी कसा पाळत, तो देखावा. त्याला दोन बोकड लागत, आणि दोन्ही निर्दोष.

"निर्दोष मंजे बिनऐबी," मी म्हणाले. "शिंग मोडकं नको, कान फाटका नको, डोळ्यात फूल नको."

"तुम्हाला कसं माहीत?"

मला हसू आलं. ईदच्या आधी येणारी गिऱ्हाइकं हेच बघतात. खंडोबाच्या नवसाला येणारीही हेच बघतात. देव कुठलाही असो, बोकडाच्या बाबतीत सगळ्यांची अट एकच. ज्याची तंगडी मोडली आहे तो देवाला चालत नाही, माणसाला चालतो.

"बरं, दोन बोकडांचं करता काय?"

"चिठ्ठ्या टाकायच्या. एक देवासाठी निघतो. दुसऱ्याच्या डोक्यावर सगळ्या लोकांची पापं ठेवायची आणि त्याला रानात सोडायचं."

"सोडलेला मग कुणाचा?"

मला वाटतं, हा प्रश्न पाळकांना आधी कुणी विचारला नसावा. "कुणाचाच नाही," ते म्हणाले.

"पालमात कुणाचाच नसलेला बोकड दुपारपतोर टिकत न्हाई, साहेब."

मी भाडं सांगितलं आणि त्यांनी एका झटक्यात हो म्हटलं. माझं डोकंच फिरलं. पहिल्या बोलीला हो म्हणणारा माणूस मला तोंडावर दार आपटणाऱ्यासारखा वाटतो. मी त्यांना सांगितलं, "आसं करू नका. तुमी कमी करून मागा. मग मी नको म्हणते. मग तुमी जायला निघा." ते बिचारे खरंच छत्री उचलून निघाले आणि थेट रस्त्यापर्यंत गेले. मलाच ओरडून बोलवावं लागलं. शेवटी ठरलं. दोन्ही बोकड जिवंत परत यायचे आणि देखाव्यात दोरी माझ्याच हातात राहायची.

खरं सांगायचं तर त्या दिवशी डोकं सकाळीच तापलेलं होतं. एका ओळखीच्या दलालानं बाजारात आल्या आल्या सांगितलं होतं, "अक्का, तुमचा भाऊ जनावरं विकायलाय. चुडाव्याचं घर बंद करून पुण्याला पोराकडं जायलाय. कायमचा."

"जाऊ दे," मी म्हणाले. "मला काय सांगायलास?"

नऊ वर्षं माझं आणि माझ्या धाकट्या भावाचं बोलणं नव्हतं. चुडाव्यात होता तोवर मला वाटायचं, आहे तिथंच, बसला आहे, कधीतरी त्यालाच अक्कल येईल. पुण्याला गेल्यावर ती कुठून येणार?

हे भांडण समजायला आमच्या बाजाराची जुनी रीत सांगावी लागेल. जनावराचा भाव कुणी तोंडानं बोलत नसे. विकणारा आणि दलाल एकमेकांचा हात हातात घेत, वरून रुमाल टाकत, आणि आत बोटं दाबून भाव ठरे. किती बोटं धरली, बोटाचं कुठलं पेर दाबलं, यावर सगळं. बाजूला शंभर माणसं उभी असली तरी कळत नसे. नवरा गेला तेव्हा माझ्याकडे दोन शेळ्या होत्या. त्या दोनाच्या मी तीस केल्या. चारा मी आणला, बाळंतपणं मी केली, कोल्ह्यामागं काठी घेऊन मी धावले. पण बाजारात मला हात नव्हता. बाईचा हात रुमालाखाली कुणी दलाल धरत नसे, आणि धरला असता तर मी त्याचं मनगट मोडलं असतं.

म्हणून माझा हात म्हणजे माझा भाऊ. तो चुडाव्याहून यायचा. मी त्याच्या कानात भाव सांगायची, तो रुमालाखाली हात घालायचा. एका पावसाळ्यात माझ्याच गोठ्यावर, माझ्याच शेळ्यांसाठी कडबा कापताना, कुट्टीच्या मशीननं त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली. करंगळी आणि तिच्या शेजारचं. तरी बरा झाल्यावर तो आलाच. उरलेल्या तीन बोटांत त्यानं पाचाची भाषा बसवली. आमच्या बाजारातले दलाल ती शिकले. परगावचे गोंधळायचे, आणि त्या गोंधळात मला दोन पैसे जास्त मिळायचे, हेही खरं.

मग तो दिवस आला. परगावच्या एका व्यापाऱ्यानं विचारलं, "कळप कुणाचा?" आणि माझा भाऊ, मी चार हातांवर उभी असताना, म्हणाला, "माझाच. अक्का चारापाणी बघती."

अक्का चारापाणी बघती! इतक्या वर्षांच्या मेहनतीचं एका वाक्यात चारापाणी झालं. मी पुढं झाले, रुमाल ओढून फेकला आणि सगळ्या बाजारापुढं बोलले. काय बोलले ते मी पुढं सांगणार आहे. लोक हसले. भावानं रुमाल उचलला, झटकला आणि एसटी स्टँडकडं निघून गेला. त्या दिवसापासून मी भाव तोंडानं बोलते. पहिले काही महिने दलाल माझी थट्टा करायचे. आता नवी पोरं मोबाइलवर आकडा टाकून दाखवतात आणि रुमाल फक्त घाम पुसायला उरला आहे.

देखाव्याच्या आधी पाळक तीन-चार वेळा माझ्या गोठ्यावर आले. बोकडांना त्यांचा वास ओळखीचा व्हावा, असं मीच सुचवलं होतं. ते उपड्या घमेल्यावर बसायचे, बोकडांना शेवग्याचा पाला द्यायचे आणि मला समजावून सांगायचे. मला काही सांगायचं म्हणजे मध्ये मध्ये थांबावं लागतं, कारण मी प्रश्न विचारते.

"त्या काळी यरुशलेमात मंदिर होतं, मावशी. त्यात सगळ्यात आत एक खोली. तिला जाड पडदा. पडद्याच्या आत वर्षातून एकदाच, प्रायश्चित्ताच्या दिवशी, मुख्य याजकानं जायचं. एकट्यानं."

"आन बाया?"

"बाया नाहीत. पुरुष नाहीत. राजासुद्धा नाही. सगळ्या लोकांच्या वतीनं तो एकटा."

"आन तो कोण लागून गेला? त्यानं कधी पाप केलंच नसंल का?"

"केलं असणारच. म्हणून त्याला आधी स्वतःसाठी आणि घरच्यांसाठी गोऱ्हा अर्पण करावा लागे. मग लोकांचं काम."

हे मला पटलं. आधी स्वतःचा माल उघडा करून दाखव, मग दुसऱ्याचं बोल. त्या दिवशी तो रोजची भरजरी वस्त्रंसुद्धा काढून साधी पांढरी वस्त्रं घालत असे, हेही मला आवडलं. आमचे काही दलाल चार अंगठ्या घालून रुमालाखाली हात घालायचे. कसलं बोट आणि कसला खडा, काही कळायचं नाही.

मी पाळकांना रुमालाचं सगळं सांगितलं. मी म्हणाले, "मंजे तुमचा मुख्य याजक आमच्या दलालासारखा. एक हात देवाच्या हातात, एक लोकांच्या. मधी पडदा. आत काय ठरलं ते बाहेरच्याला कळत न्हाई."

ते खळखळून हसले. मग गंभीर झाले. "आता आमचा विश्वास ऐका. आम्ही मानतो की येशू हाच शेवटचा मुख्य याजक. पण तो दुसऱ्याचं रक्त घेऊन आत गेला नाही. स्वतःचंच दिलं. दरवर्षी नाही, एकदाच, सगळ्यांसाठी. आणि तो मेला तेव्हा मंदिराचा पडदा वरून खालपर्यंत फाटला."

मी पाल्याची डहाळी हातात धरून तशीच उभी राहिले. "मंजे दलालच बोकड झाला?"

पाळकांनी खिशातून वही काढली. "हे मी रविवारी सांगू का?"

"सांगा. पण माझं वाक्य हाय म्हणून सांगा. न्हाईतर तुमी तुमचं म्हणून खपवाल." मग मला आणखी एक सुचलं. "आन रुमाल फाटला."

"पडदा."

"त्येच की वो."

मी काही ख्रिस्ती झाले नाही. माझं घर खंडोबाचं आहे आणि खंडोबाचंच राहणार. पण ज्या देवळात माणसाला आत जायला दुसऱ्याचा हात लागत होता, तिथला पडदा फाटला, ही गोष्ट मला कुणीतरी फुकट सांगितली याचं मला बरं वाटलं.

देखाव्याच्या शनिवारी प्रार्थनाघराच्या आवारात चाळीसेक मुलं आणि त्यांचे आई-बाप जमले. पाळक पांढरी चादर गुंडाळून मुख्य याजक झाले होते. स्टीलच्या डब्यात दोन चिठ्ठ्या. मी हळूच म्हणाले, "चिठ्ठ्या कशाला? आमच्यात बोकडावर पाणी शिंपडतात. अंग झाडलं की देवानं घेतला." पाळकांनी डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं. चिठ्ठ्या निघाल्या. देवाचा बोकड एका बाजूला बांधला. दुसऱ्याच्या शिंगाला लाल लोकर बांधली, कारण यहुदी लोक तसं करत. मग मुलं एकेक करून पुढं आली आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून मनातल्या मनात आपापलं पाप सांगू लागली. काहींना पाप आठवेना. ती शेजारच्याला विचारत होती.

"मावशी, तुम्हीही या," पाळक म्हणाले.

मी चेष्टेनंच गेले. माझ्याजवळ पापांची कमी नाही. दोन दाती बोकड आदत म्हणून विकलेले, म्हणजे पक्के दात आलेला वयाचा बोकड कोवळा म्हणून, असे कितीतरी. त्यातलं एखादं देऊन टाकावं म्हणून मी हात ठेवला. आणि आठवलं ते दुसरंच. सगळ्या बाजारापुढं मी भावाला म्हणाले होते, "थोट्या! दुसऱ्याचा माल आपला म्हणायला बरी बोटं उरली तुला!"

हे ते वाक्य. नऊ वर्षं मी लोकांना त्याचं वाक्य सांगत आले. माझं कुणाला सांगितलं नव्हतं.

मी हात पटकन काढला. आवारामागच्या पडीक रानात मीच दोरी काढून बोकड सोडला. मुलांनी गाणं म्हटलं. बोकड थोडा वेळ उभा राहिला, बोराटीचा पाला खाल्ला, अंग झाडलं आणि मग शांतपणे वळून रस्त्याला लागला. माझ्या गोठ्याच्या रस्त्याला. दुसरं काय करणार तो? चाऱ्याची वेळ झाली होती.

पाळकांना हे अजिबात सुचलं नव्हतं. मला सुचायला पाहिजे होतं, पण माझं लक्ष त्या वाक्यात अडकलं होतं. सगळी मुलं बोकडामागं धावत सुटली. "पाप परत चाललं! पाप परत चाललं!" मी दुसऱ्या बोकडाची दोरी धरून घरी पोहोचले तेव्हा हा महाराज लाल लोकरीसकट माझ्या दावणीवर खात उभा, आणि फाटकाबाहेर चाळीस पोरं नाचत होती. "मावशीच्या घरात गेलं! सगळ्यांचं पाप मावशीच्या घरात!" आई-बाप पोट धरून हसत होते. माझी शेजारीण मात्र तिच्या शेळ्या घाईनं आत घेत होती.

पाळक चादर सावरत धापा टाकत आले. "मावशी, माझीच चूक. शास्त्रात नुसतं रानात सोडायला सांगितलंय. पण पुढं पुढं तिथले लोकही शहाणे झाले होते. बोकड परत येऊ नये म्हणून एक माणूस त्याला लांब कड्यापर्यंत नेत असे आणि तिथून..."

"तिथून काय?"

"ढकलत असे."

"आन हे तुमी आता सांगायलात? माझ्या बोकडाला कड्यावरनं ढकलायचं होतं?"

"ढकलायचं नव्हतं म्हणूनच सांगितलं नाही!"

मी त्यांना त्या चादरीसकट इतकं झापलं की मुलं गप्प झाली. मग मलाच हसू फुटलं आणि मी सगळ्यांना ताक दिलं. पोरं गेल्यावर पाळक मागं राहिले, घमेल्यावर बसले.

"साहेब," मी म्हणाले, "पोरांचं जाऊ द्या. मी ठिवलेलं बी परत आलं. आता?"

"काय ठेवलं होतं, ते मी विचारत नाही."

"विचारा की! सांगायचंच हाय मला." आणि मी सांगितलं. बोटं कशी गेली आणि भाऊ चुडाव्याचं घर बंद करून पुण्याला निघाला आहे, तेही सांगितलं.

त्यांनी ताकाचा ग्लास खाली ठेवला आणि लहानपणीची एक गोष्ट काढली. ते मूळचे अलिबागकडचे. लहानपणी त्यांना गणित शिकवणारे म्हातारे मास्तर बेने इस्राएली होते, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहून मराठी बोलणारे यहुदी. मंदिर पडून जवळजवळ दोन हजार वर्षं झाली, आता ना बोकड ना मुख्य याजक, पण तो दिवस ते अजून पाळतात. मास्तरांच्या घरात त्याला दारफळणीचा सण म्हणत. दार फळायचं म्हणजे लावून घ्यायचं. कडक उपास, पांढरे कपडे, दिवसभर प्रार्थना. कुणाकडं जायचं नाही, कुणी यायचं नाही.

"पण त्याच्या आधीचे दिवस मास्तर गावभर हिंडायचे," पाळक म्हणाले. "ज्याला ज्याला दुखवलं त्याच्या दारी. एकदा वर्गात सगळ्यांपुढं मला गाढव म्हणाले होते. माझ्या घरी आले. मी दहा वर्षांचा, चड्डी सावरत उभा. मला म्हणाले, 'बाळ, देवाशी चुकलो असेन ते त्या दिवशी तो बघून घेईल. तुझ्याशी चुकलो ते तुझ्याकडं आल्याशिवाय फिटत नाही.' मी हो म्हणालो नसतो तर ते पुन्हा आले असते. तिसऱ्यांदाही."

"ते त्यांच्यात. तुमच्यात काय हाय?"

"आमच्यातही तेच. देवाला काही द्यायला निघालास आणि भावाचं मन दुखावलंय हे आठवलं, तर देणं तिथंच ठेव. आधी भावाकडं जा."

"भावाकडंच म्हणलंय?" मला वाटलं हा माणूस मनचं सांगतो आहे.

"भावाकडंच."

मग मी बोलीला बसले. "तुमीच जा की. तुमी याजक हायत."

"मी याजक नाही, पाळक आहे. आमच्यात याजक एकच, आणि तुमच्या वतीनं चुडाव्याला जायला तो मला पाठवत नाही."

"पाळक तर मी बी हाय. शेळीपालक. बरं, फोन करते."

"नाही."

"बोकड पाठवते. ह्योच, लाल लोकरवाला."

"मावशी!"

"भावजयीकडं निरोप देते, ती बोलंल त्याच्याशी."

"स्वतः जा."

"आन त्यानं मला चारापाणी म्हणलं त्याचं काय? ते कोण फेडणार?"

"ते त्याचं. त्याच्या चुकीचं प्रायश्चित्त तुम्ही कसं करणार?"

बाजारात पहिल्या बोलीला हो म्हणणारा हा माणूस इथं एका बोटाचं पेरसुद्धा खाली येईना. मी त्याला चुकीचं तोललं होतं. "आणि तुमचे भाऊ दार लावून पुण्याला जाणार आहेत ना?" जाताना ते म्हणाले. "मग आधीच जावं लागेल."

सोमवारी मी गेले. पालमहून पूर्ण्यापर्यंत एसटी, तिथून रेल्वेनं चुडावा. सगळ्या वाटेत मी काय काय बोलायचं ते पाठ करत होते, आणि दर दोन स्टॉपांनी ते बोलणं त्याच्याच चुकांवर जाऊन थांबत होतं.

दारात भावजय. मला बघून तिच्या हातातलं सूप खाली पडलं. "वन्सं! अवो, ऐकलं का, अक्का आल्यात!"

आतून आवाज आला, "कोण अक्का?"

मी आत गेले. गोठा रिकामा झाला होता. घरात बोचकी बांधलेली. भाऊ बाजेवर भिंतीकडं तोंड करून बसला होता आणि एका बोचक्याची गाठ तीन बोटांनी आवळत होता.

"तिला इचार, का आली," तो भिंतीला म्हणाला.

"का आलात?" भावजयीनं मला विचारलं.

"त्याला सांग, सहज."

"सहज म्हणत्यात."

"तिला सांग, नऊ वर्षांनी सहज कुणी येत नसतंय."

"ऐकलं मी. त्याला सांग, पाण्याचं तरी इचारावं माणसानं."

"तिला सांग, माठ तिथंच हाय."

भावजयीनं एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग पदर खोचला. "एका खोलीत बसून मला का पळवायलात? तोंडं न्हाईत का तुमाला? मी काय दलाल हाय का?" आणि ती तडक शेजारी निघून गेली.

आता आम्ही दोघंच. मी खाटकांशी भांडले आहे, मोठमोठ्या व्यापाऱ्यांना रडकुंडीला आणलं आहे, पण त्या खोलीत मला पाठ केलेलं एक अक्षर आठवेना. शेवटी नुसतंच बाहेर पडलं.

"तुला थोटा म्हणले मी. बोटं माझ्या चाऱ्यापायी गेली आन मीच तसं म्हणले. चुकलं माझं."

त्याची गाठ आवळायची थांबली. पण वळला नाही. भिंतीकडंच बघत म्हणाला, "म्हणताना सगळ्या बाजारापुढं म्हणलीस. आन चुकलं म्हणायला चार भिंतीत?"

माझाच भाऊ तो. भाव वाढवला.

माझ्या डोक्यात सणक गेली. म्हणजे कुणावर राग आला तेही कळेना. मी उठले, दारात गेले, आणि बाजारात लावते तसा आवाज लावला. "ऐका वो चुडावेकर! ह्यो माझा भाऊ. ह्याची बोटं माझ्या शेळ्यांना कडबा कापताना गेली. आन मी ह्याला भर बाजारात थोटा म्हणले. चूक माझी हाय! माझी!"

समोरच्या गिरणीचा पट्टा बंद पडला. पिठानं पांढरा झालेला माणूस बाहेर आला. तीन घरांतून बाया डोकावल्या. शेजारच्या अंगणात माझी भावजय तोंडावर पदर धरून उभी होती. मला वाटलं रडते आहे, पण तिचे खांदे हसण्यानं हलत होते. स्टेशनाकडं चाललेला एक म्हातारा थांबून म्हणाला, "काय म्हणल्या?" मी त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं.

तेवढ्यात माझा दंड कुणीतरी धरला. "आगं ये आत! येडी झालीस का? गावाला कशाला सांगायलीस?"

"तूच म्हणलास की!"

"मी आसं म्हणलो व्हय? ये, बस. बस तिथं." त्यानं स्वतः माठातून पाणी दिलं. माझ्याकडं बघितलं. केस पुरते पिकले होते त्याचे. मग बाजेवर बसून, गुडघ्याकडं बघत म्हणाला, "मी बी म्हणलो आसंल. कळप माझा म्हणून."

"आसंल न्हाई. म्हणलास."

"बरं."

"बरं मंजे?"

"बरं मंजे बरं. आता किती ताणतीस?"

याच्या पुढं तो सरकला नाही. मी खूप ओढलं, पण तेवढ्यावरच अडला. माझं मी पुरतं दिलं, त्यानं अर्धं दिलं, आणि उरलेल्या अर्ध्याबद्दल मी अजून रागात आहे, हे इथं स्पष्ट लिहून ठेवते. पण भावजयीनं पिठलं टाकलं, गरम भाकरी केल्या, आणि आम्ही तिघं जेवलो. पुण्याचा पत्ता त्यानं मला तीनदा सांगितला. मला पहिल्यांदाच कळला होता.

संध्याकाळच्या गाडीला सोडायला तो स्टेशनावर आला. गाडी उशिरा होती. बाकावर बसल्या बसल्या तो म्हणाला, "आठवतं का, पोखर्णीच्या जत्रंत तू माझी चप्पल हरवली होतीस? नवी. घरापतोर एका पायानं चाललो मी."

"मी? तू हरवलीस! पाळण्यात बसून पाय हलवत होतास."

"तुझ्याकडं दिली होती मी धरायला!"

"एक चप्पल कोण धरायला देतंय?"

"एकच सैल होती!"

आम्ही दोघं उभे राहिलो. आवाज असा चढला की स्टेशनमास्तर खिडकीतून डोकावला. गाडी आली तरी त्याचं संपेना. मी चढले, खिडकीपाशी जागा धरली, आणि तो फलाटावरून चालत चालत हातवारे करून सांगत राहिला की माझ्या हातात एक फुगा होता, त्या फुग्याच्या नादात मी चप्पल सोडली. फुगा होता, ते मी मान्य करते. चप्पल त्यानंच हरवली.